समुद्र आमचा, मग पासही आमचाच! इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी साऱ्यांना पुरून उरलेले दर्याचे सरखेल कान्होजी आंग्रे

भंडारा : रेती घाटावरून ट्रक भरून निघाला की रस्त्यात त्याला पहिला प्रश्न काय विचारतात? रॉयल्टीची पावती आहे का? पावती असेल तर गाडी पुढे जाते, नसेल तर तहसीलच्या आवारात उभी राहते. नदी ज्या सरकारची, पावतीही त्याच सरकारची. साधा हिशोब आहे.

तीनशे वर्षांपूर्वी हाच हिशोब एका मराठी माणसानं अरबी समुद्रात लावला. किनारा आमचा, समुद्र आमचा, तर इथून जाणाऱ्या जहाजाला पासही आमचाच लागेल. ज्याच्याकडे पास नाही त्याचं जहाज धरलं जाईल, मग ते मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं का असेना! या माणसाचं नाव सरखेल कान्होजी आंग्रे. इंग्रजांनी त्यांना समुद्री चाचा म्हणजे दरोडेखोर ठरवलं. त्यांच्या विरोधात चार-पाच मोहिमा काढल्या आणि प्रत्येक वेळी हात हलवत परत गेले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले तेव्हा त्यांचा एकही महत्त्वाचा किल्ला परकीयांच्या ताब्यात गेलेला नव्हता.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा. वैनगंगेच्या पाण्यात डोंगा घालणारी माणसं इथं पिढ्यान् पिढ्या राहतात. समुद्र मात्र इथून जवळपास नऊशे किलोमीटर लांब. म्हणून कान्होजींचं नाव पुस्तकातल्या एका ओळीपुरतंच आपल्याला माहीत असतं. त्या ओळीमागची गोष्ट आज वाचू या.

आंगरवाडीचे संकपाळ झाले आंग्रे

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुणे भागातल्या आंगरवाडी गावावरून त्यांना आंग्रे म्हणू लागले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. रत्नागिरी जिल्ह्यात हर्णैजवळ समुद्रात सुवर्णदुर्ग नावाचा किल्ला आहे, तिथं त्यांची नेमणूक होती. त्यामुळे पोरगा लहानपणापासून भरती-ओहोटी, वारा आणि खडक पाहत वाढला.

शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली ती १६५७ नंतर. घोड्यावर राज्य करणाऱ्या मराठ्यांना समुद्राची गरज का पडली? कारण कोकणचा किनारा तीन बाजूंनी अडकला होता. जंजिऱ्याला सिद्दी, गोवा-वसई-चौलला पोर्तुगीज, सुरतेला आणि पुढे मुंबईलाही इंग्रज. व्यापार त्यांचा, पाणी त्यांचं, आणि किनाऱ्यावरची गावं लुटली जायची ती आपली. महाराजांनी कोळी, भंडारी, गाबीत, आगरी आणि मुसलमान दर्यावर्दी हाताशी धरले, जहाजं बांधली, सिंधुदुर्ग उभा केला.

खांदेरीची लढाई : कान्होजी दहा वर्षांचे होते तेव्हा

कान्होजींचं आरमार कसं लढायचं ते समजायला १६७९ ची खांदेरीची लढाई आधी समजून घ्यावी लागते.

मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागच्या उत्तरेला समुद्रात खांदेरी नावाचं छोटं बेट आहे. महाराजांनी तिथं किल्ला बांधायला माणसं पाठवली. त्यांचा प्रमुख होता मायनाक भंडारी. (भंडारी नाव वाचून आपल्या भंडाऱ्याचा माणूस समजू नका, कोकणात भंडारी नावाचा मोठा दर्यावर्दी समाज आहे.) मुंबईच्या तोंडाशी किल्ला उभा राहतोय हे पाहून इंग्रज हादरले. त्यांनी सप्टेंबर १६७९ मध्ये गलबतं पाठवून बेटाला वेढा घातला. काही इंग्रज बेटावर उतरायला गेले, त्यात त्यांचा एक अधिकारी मारला गेला.

१८ ऑक्टोबर १६७९ ला पहाटे मराठी आरमाराचा प्रमुख दौलतखान पन्नास-साठ जहाजं घेऊन इंग्रजांवर चालून गेला. इंग्रजांची जहाजं फक्त आठ, पण त्यांच्या तोफा मोठ्या. त्यांचं डोव्हर नावाचं जहाज मराठ्यांनी माणसांसकट पकडलं. बाकीची पळाली. रिव्हेंज नावाचं मोठं जहाज मात्र जागचं हललं नाही. त्यानं तोफांचा मारा करून मराठ्यांची काही जहाजं बुडवली आणि बाकीची मागे हटवली.

म्हणजे उघड्या समुद्रात समोरासमोर लढलं तर मोठ्या जहाजाचं पारडं जड. तरी शेवटी बेट कुणाला मिळालं? मराठ्यांना! कारण त्यांच्या होड्या हलक्या होत्या. रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून त्या वेढ्यातून निसटायच्या आणि बेटावर दाणागोटा, चुना, दगड पोचवायच्या. इंग्रजांची जड जहाजं वाऱ्याची वाट पाहत उभी. महिने गेले, खर्च वाढला, आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रज तह करून निघून गेले.

मोठ्या जहाजाला वारा लागतो आणि खोल पाणी लागतं. ते दोन्ही नसेल तिथं लहान जहाज राजा. खांदेरीनं शिकवलेला हा धडा पुढे कान्होजींनी आयुष्यभर वापरला.

राजधानी पडली, पण किनारा राहिला

१६८० मध्ये शिवाजी महाराज गेले. औरंगजेब लाखोंची फौज घेऊन दक्षिणेत उतरला. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. राजाराम महाराज लांब तामिळ मुलखातल्या जिंजीला गेले. राजधानी नाही, खजिना नाही, वरून हुकूम द्यायला कुणी नाही. ज्याच्या हाती जेवढा किल्ला, त्यानं तेवढा लढवायचा. मराठ्यांच्या या स्वातंत्र्ययुद्धात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव जमिनीवर लढत होते. समुद्रावरची बाजू कान्होजींनी सांभाळली.

याच काळात आपल्या भागात काय चाललं होतं? वैनगंगेचा हा मुलूख तेव्हा देवगडच्या गोंड राजाच्या ताब्यात होता. नागपूर शहर वसवणारा राजा बख्त बुलंद शाह हाच. त्यानंही पुढे औरंगजेबाच्या विरोधात बंड केलं. तुमसरजवळचा अंबागड किल्ला त्याच्याच काळातला. म्हणजे एकाच बादशहाशी इकडे गोंड राजा भांडत होता आणि तिकडे समुद्रात कान्होजी.

सुवर्णदुर्गाची एक गोष्ट कोकणात अजून सांगतात. सिद्दीनं किल्ल्याला वेढा घातला होता. किल्लेदार आतून फितूर होऊन किल्ला द्यायला निघाला. तरुण कान्होजींना त्याचा सुगावा लागला. त्यांनी बाकीच्या शिपायांना बरोबर घेतलं, किल्लेदाराला दूर केलं आणि स्वतः किल्ला लढवला. एकदा शत्रूच्या हाती सापडले तर तिथून निसटून पाण्यातून पोहत किल्ल्यावर परत आले म्हणतात. गोष्टीत थोडं मीठमसाला असेल, पण सुवर्णदुर्ग मराठ्यांकडे राहिला आणि कान्होजींचं नाव झालं, हे खरं.

हळूहळू त्यांनी मोगल आणि सिद्दीच्या ताब्यातली ठाणी परत घ्यायला सुरुवात केली. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला त्यांचं मुख्य ठाणं झालं. १६९८ मध्ये आरमारप्रमुख सिधोजी गुजर वारले आणि आरमाराची सगळी सूत्रं कान्होजींकडे आली. त्यांना सरखेल हा किताब मिळाला. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी, आजच्या भाषेत ॲडमिरल.

गुराब आणि गलबत : ही जहाजं होती तरी कशी?

कान्होजींच्या ताफ्यात मुख्य दोन प्रकारची जहाजं होती. एक गुराब, दुसरं गलबत.

गुराब मोठं. दोन किंवा तीन डोलकाठ्या, दीडशे ते तीनशे टन वजन पेलणारं. तळ सपाट, त्यामुळे उथळ पाण्यातही चालायचं. नाक पुढे लांब निघालेलं आणि त्या नाकावर समोर तोंड केलेल्या दोन जड तोफा. दोन्ही कुशीला आणखी तोफा.

गलबत लहान आणि हलकं. शिडं होतीच, पण वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ही मारून ते पळवता यायचं. त्यावर छोट्या, फिरवता येणाऱ्या तोफा. लाकूड सागाचं. साग किती टिकतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

आता लढण्याची पद्धत पाहा. शिडाचं मोठं इंग्रजी जहाज म्हणजे तोफांनी भरलेला वाडा, पण त्याच्या बहुतेक तोफा कुशीला असायच्या. मागची बाजू उघडी. वारा पडला की ते जहाज जागेवरच उभं, चिखलात रुतलेल्या बैलबंडीसारखं. अशाच वेळेला कान्होजींचा ताफा बाहेर पडायचा. गलबतं दोर बांधून गुराबांना ओढत न्यायची आणि शत्रूच्या पाठीमागे आणून सोडायची. मग गुराबाच्या नाकावरच्या तोफा मागून मारा करायच्या. पहिला नेम डोलकाठ्यांवर आणि शिडांवर. शिड फाटलं, काठी मोडली की जहाज लंगडं. मग चारही बाजूंनी गलबतं भिडायची आणि शेकडो माणसं तलवारी घेऊन वर चढायची.

एकेका हल्ल्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असायची. आणि समोरून मोठा ताफा आला तर? लढायचं नाही. उथळ खाडीत शिरायचं, किल्ल्याच्या तोफांखाली जाऊन बसायचं. शत्रूचं जहाज मागे आलं तर ते वाळूत रुतणार नाहीतर किल्ल्याचे गोळे खाणार.

दस्तकाचं भांडण

आता येऊ मूळ भांडणावर. समुद्रावरून जाणाऱ्या जहाजांनी पास घ्यायचा, ही पद्धत कान्होजींनी शोधली नव्हती. पोर्तुगीज दोनशे वर्षांपासून हेच करत होते. त्यांच्या पासाला कार्ताझ म्हणत. तो नसेल तर गुजरातचा असो की केरळचा, व्यापाऱ्याचं जहाज ते जप्त करायचे. पुढे इंग्रजही स्वतःचे पास विकू लागले.

कान्होजींनी तेच केलं. त्यांच्या पासाला दस्तक म्हणत. दस्तक घ्या, पैसे भरा आणि कोकण किनाऱ्यावरून बिनधास्त जा. नाही घेतलं तर जहाज आमचं. इंग्रजांची अडचण अशी होती की ते कंपनीच्या मालाबरोबर देशी व्यापाऱ्यांची जहाजंही आपल्या झेंड्याखाली घ्यायचे आणि ती कंपनीची म्हणून सांगायचे. कान्होजींनी ते मानलं नाही. कंपनीचं जहाज वेगळं आणि सुरतेच्या शेठजीचं जहाज वेगळं, शेठजीला दस्तक घ्यावंच लागेल, असं त्यांचं म्हणणं.

परक्या मुलखातून आलेल्यांनी पास विकला तर तो कायदा, आणि इथल्या माणसानं विकला तर तो दरोडा! इंग्रजांच्या कागदोपत्री कान्होजी चाचा झाले ते असे. खरं तर ते छत्रपतींचे नेमलेले सरखेल होते आणि त्यांचे किल्ले, सैन्य, वसुली सगळं उघड होतं.

याचा अर्थ ते साधू होते असाही नाही. जहाजं लुटली जायची, माणसं कैद व्हायची, सुटकेसाठी दंड घेतला जायचा. त्या काळी समुद्रावर सगळेच तसं करत. फरक इतकाच की बदनामी एकाच्या वाट्याला आली.

गव्हर्नरचंच जहाज पकडलं

४ नोव्हेंबर १७१२. कारवारहून मिऱ्यांनी भरलेलं ॲन नावाचं जहाज मुंबईकडे निघालं होतं. त्याच्या राखणीला मुंबईचे गव्हर्नर विल्यम आयस्लबी यांचं स्वतःचं सशस्त्र जहाज. त्यावर कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख थॉमस चाउन आणि त्याची तरुण बायको कॅथरीन. कान्होजींच्या गुराबांनी दोन्ही जहाजांना गाठलं. लढाई झाली. तोफेच्या गोळ्यानं चाउनचा हात उडाला आणि तो तिथंच बायकोसमोर मेला. दोन्ही जहाजं मराठ्यांनी कुलाब्याला आणली.

कॅथरीन तेव्हा गरोदर होती. तिला आणि इतर इंग्रजांना कैदेत ठेवण्यात आलं. शेवटी इंग्रजांनी बोलणी केली, ३० हजार रुपये मोजले आणि फेब्रुवारी १७१३ मध्ये तिची सुटका झाली. गव्हर्नरचं जहाज धरलं जातं आणि कंपनीला पैसे भरून माणसं सोडवावी लागतात, ही बातमी किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात पोचली असणार. त्याच सुमारास कंपनीनं कान्होजींशी तह केला.

घरातलं भांडण मिटलं

१७०७ मध्ये औरंगजेब मेला. मोगलांच्या कैदेतून शाहू महाराज सुटून आले आणि मराठ्यांच्या घरातच दोन तट पडले. एकीकडे शाहू, दुसरीकडे ताराराणी. कान्होजी ताराराणींच्या बाजूचे. शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना फौज देऊन त्यांच्यावर पाठवलं. कान्होजींनी पेशव्यालाच पकडून कैदेत टाकलं आणि लोहगड घेतला. आता सातारा जवळच होता.

अशा वेळी शाहूंनी बाळाजी विश्वनाथ भट यांना बोलणी करायला धाडलं. बाळाजी मूळचे कोकणातल्या श्रीवर्धनचे, कान्होजींना ओळखणारे. आपण आपसात भांडलो तर सिद्दी आणि फिरंगी दोघांचंही फावेल, हे दोघांनाही कळत होतं. समझोता झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं, पिंगळ्यांना सोडलं. शाहूंनी त्यांचं सरखेलपद कायम केलं आणि दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. बाळाजी विश्वनाथ नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवे झाले.

दोन ताकदवान माणसांनी वेळेवर भांडण मिटवलं, म्हणून पुढची वीस-पंचवीस वर्षं कोकणात शत्रूला पाय रोवता आला नाही. हे लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी त्याची किंमत कळेल.

मोहिमेवर मोहीम, हार वर हार

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. कान्होजींना संपवायचंच असं त्यानं ठरवलं. मुंबईला तटबंदी केली, नवी लढाऊ जहाजं बांधली. दोन वर्षांत मोठा ताफा तयार झाला.

पहिला हल्ला विजयदुर्गावर. तोफांचे गोळे त्या जाड भिंतीवर आपटून फुकट गेले. सैन्य जमिनीवर उतरलं तर शिड्या भिंतीला पुरेनात. परत मुंबई.

दुसरा हल्ला नोव्हेंबर १७१८ मध्ये खांदेरीवर. बून स्वतः ताफ्याबरोबर होता. काही दिवस तोफा चालल्या, सैनिक उतरवायचा प्रयत्न झाला, माणसं मेली. बेट काही मिळालं नाही. परत मुंबई.

अपयशाचं खापर कुणावर तरी फोडायचं होतं. मुंबईत रामा कामाटी नावाचा मोठा शेणवी व्यापारी होता. त्याच्यावर आळ आला की तो गुपचूप आंग्र्यांना बातम्या पुरवतो. कागद दाखवले गेले, खटला चालला, त्याची सगळी मालमत्ता जप्त झाली आणि त्याला तुरुंगात टाकलं. तो तिथंच मेला. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती हे नंतर उघड झालं. लढाईत मेलेल्यांचा हिशोब तरी राहतो. अशा माणसाचा हिशोब कोण ठेवतो?

तिसरा हल्ला १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर. या वेळी बूननं खास फ्राम नावाचं यंत्र बांधून घेतलं. म्हणजे पाण्यावर तरंगणारा तोफखाना, जाड लाकडाच्या भिंतींचा. किल्ल्याच्या अगदी जवळ नेऊन मारा करायचा बेत. प्रत्यक्षात तोफांची तोंडं पुरेशी वर उचलता येईनात, गोळे पाण्यातच पडू लागले. दुरुस्ती करून पुन्हा मारा केला, पण किल्ला तसाच उभा. परत मुंबई.

१७२१ : दोन राज्यं, एक किल्ला

मग इंग्रजांनी लंडनहून राजाचं आरमार मागवलं. कमोडोर थॉमस मॅथ्यूज चार युद्धनौका घेऊन आला. त्याच वेळी पोर्तुगीजांशी करार झाला. गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन चौलला आला. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाबा घ्यायचा, असं ठरलं. कान्होजींच्या राजधानीवरच घाव.

कान्होजींनी साताऱ्याला निरोप पाठवला. आठ वर्षांपूर्वीचा समझोता इथं कामी आला. शाहूंनी पिलाजी जाधवरावांना घोडदळ देऊन पाठवलं. मागोमाग नवे, विशीतले पेशवे बाजीरावही निघाले.

डिसेंबर १७२१. कुलाबा किल्ल्याची गंमत अशी की भरतीला तो बेट असतो आणि ओहोटीला माणूस चालत जाऊ शकतो. इंग्रजांनी ओहोटी साधून शिड्या लावल्या. काही शिपाई तटावर चढलेही. पण आतल्या माणसांनी त्यांना खाली लोटलं. तेवढ्यात मराठी घोडेस्वार पोर्तुगीजांच्या बाजूनं तुटून पडले. पोर्तुगीज फळी मोडली आणि पळापळ झाली. मग इंग्रजांनाही माघार घ्यावी लागली. तोफा आणि दारूगोळा मागेच पडला. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठा स्वाराचा भाला घुसला. चिडून तो त्या स्वाराच्या मागे धावला, पिस्तूल रोखलं, पण ते उडालंच नाही.

हरल्यावर दोन्ही दोस्त एकमेकांना दोष देऊ लागले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी वेगळा तह करून टाकला. इंग्रज एकटे पडले आणि मुंबईला गेले. पुढे डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावून पाहिलं. तेही रिकाम्या हातानं परतले.

या सगळ्या काळात कान्होजींकडे यांच्याइतकं मोठं एकही जहाज नव्हतं. पण किनाऱ्याचा प्रत्येक खडक, प्रत्येक खाडी, भरतीची प्रत्येक वेळ त्यांच्या माणसांना तोंडपाठ होती. तलावाचं पाणी कुठं किती खोल आहे हे गावच्या ढिवराला विचारावं, तसंच हे.

कान्होजी गेले, पुढे काय झालं?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचं निधन झालं. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. थोरला मुलगा सेखोजी समजूतदार होता, पण तोही १७३३ मध्ये गेला. त्यानंतर भावाभावांत वाटणीचं भांडण लागलं. संभाजी एकीकडे, मानाजी दुसरीकडे. एकानं पेशव्यांची मदत घ्यायची, दुसऱ्यानं पोर्तुगीजांची. वडिलांचं आरमार दोन तुकड्यांत वाटलं गेलं. धुऱ्याच्या भांडणात दोन भाऊ कोर्टात जातात आणि बांधी पडीत राहते, तसा प्रकार.

पुढे विजयदुर्गाचा वाटा तुळाजीकडे आला. तुळाजी शूर होता, पण पेशव्यांना जुमानत नव्हता. त्याला धडा शिकवायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशीच हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह मोठा ताफा घेऊन विजयदुर्गावर आले. एक पेटता गोळा बंदरातल्या एका जहाजावर पडला. जहाजं शेजारी शेजारी बांधलेली होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि आंग्र्यांचं आरमार एका दुपारीत जळून खाक झालं. चार मोहिमांत इंग्रजांना जे जमलं नाही ते घरच्या भांडणानं करून दिलं. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

तोच क्लाइव्ह पुढच्या वर्षी, जून १७५७ मध्ये, प्लासीची लढाई जिंकला आणि बंगाल कंपनीच्या हाती गेला. समुद्राचं दार उघडं पडलं की घरात यायला किती वेळ लागतो? नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपुरात सीताबर्डीला भोसल्यांची फौज हरली. १८१८ मध्ये इंग्रजी फौजेनं आपल्या पवनीचा किल्ला घेतला. आणि १८५३ नंतर भंडाऱ्यासह सगळं नागपूर राज्य खालसा झालं. समुद्र नऊशे किलोमीटर लांब असला तरी तिथं जे हरलं त्याची झळ वैनगंगेपर्यंत आली.

आज कुठं दिसतात कान्होजी?

मुंबईत भारतीय नौदलाचा एक जुना तळ आहे. इंग्रजांच्या काळात त्याचं नाव डलहौसी होतं. १९५१ मध्ये ते बदलून आयएनएस आंग्रे करण्यात आलं. ज्या मुंबईच्या गव्हर्नरांनी कान्होजींना दरोडेखोर म्हटलं, त्याच मुंबईत आज नौदल त्यांचं नाव अभिमानानं लावतं. खांदेरी बेटाला आणि तिथल्या दीपगृहालाही कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं आहे. २०१९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या एका पाणबुडीचं नाव आयएनएस खांदेरी आहे.

कधी अलिबागला जाणं झालं तर ओहोटीची वेळ विचारून घ्या आणि कुलाबा किल्ल्यात चालत जा. तट अजून उभे आहेत. भरती यायच्या आत परत निघा, नाहीतर होडीची वाट पाहावी लागेल. मॅथ्यूजच्या शिपायांनाही तिथल्या पाण्यानं हेच शिकवलं होतं.

४ जुलैच्या आसपास आपल्याकडे पऱ्हे तयार होत असतात, रोवणीची लगबग असते. त्या धावपळीत दोन मिनिटं काढून ही गोष्ट घरातल्या लेकरांना नक्की सांगा. आपल्या पाण्यावर आपला हक्क सांगणाऱ्या आणि तो शेवटपर्यंत राखणाऱ्या सरखेल कान्होजी आंग्रे यांना विनम्र अभिवादन!